आमचें पुस्तक, आमचेंच दुकान

पुस्तक लिहिणाराचें कौतुक सर्वत्र होतें. पुस्तक काढणाराकडे मात्र लोक किंचित् संशयानेंच पाहतात. आणि जो हे दोन्ही उद्योग एकाच घरांतून करतो, त्यास कोणत्या पंक्तीला बसवावें हें कोणासच कळत नाहीं. लेखक-मंडळी त्यास व्यापारी समजतात, व्यापारी त्यास हौशी समजतात, आणि घरांतील माणसें काय समजतात तें येथें न लिहिणेंच बरें. गेल्या दोन वर्षांत आम्हांस या पंक्तीला बसण्याचा योग आला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या वरच्या फळीवर कोणाची तरी हस्तलिखित वही पडून असते. आजोबांचें प्रवासवर्णन असेल, आत्याबाईंनीं जमविलेल्या ओव्या असतील. ती छापावी असें दर दिवाळीस घरांत बोलणें निघतें आणि फराळाबरोबर संपतें. अशा घरांना आमची हकीकत कदाचित् उपयोगी पडेल.

आमची वही होती कोंकणांतील परसांतल्या झाडांची. वनस्पतिशास्त्र शिकविण्यांत आमचीं तीस-बत्तीस वर्षें गेलीं; परंतु वर्गांत जें शिकविलें त्याहून आजीनें परसांत जें दाखविलें तेंच अधिक टिकलें. कोकमाच्या बियांचें भिरंडेल काढून टांचांच्या भेगांना कसें लावावें, उंडीच्या तेलाचे दिवे समुद्रकांठच्या घरांतून कसे जळत, रेशमी वस्त्र रिठ्याच्या पाण्यांतच कां धुवावें, सुरंगीचीं फुलें सुकलीं तरी त्यांचा वास कां जात नाहीं, अशा ३२ झाडांच्या गोष्टी, प्रत्येकाचें शास्त्रीय नांव व कुल, आणि आमच्या पुतणीनें शाईनें काढलेलीं चित्रें, असा तो संसार होता.

वही घेऊन आम्ही प्रथम एका प्रकाशनसंस्थेकडे गेलों. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें आमचा चहा देऊन सत्कार झाला, वहीची स्तुति झाली, आणि शेवटीं असें सांगण्यांत आलें कीं, ५०० प्रती काढूं, पैकीं ३०० प्रती लेखकानें आधींच विकत घ्याव्या. दुसऱ्या एका ठिकाणीं वही अठरा महिने राहिली व न उघडतां परत आली. आम्हीं बांधलेली दोऱ्याची गांठ जशीच्या तशी होती. त्या रात्रीं जेवतांना सौ. म्हणाली, “अहो, पांचशेंतल्या तीनशें आपणच घ्यावयाच्या, तर उरलेल्या दोनशेंसाठीं त्या बिचाऱ्यांना त्रास कशाला?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. प्रकाशन-व्यवसायांतला आमचा जन्म त्या जेवणांतला.

प्रश्न उरला पैशाचा. कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी असा मिळून ६०,००० रुपयांचा अंदाज निघाला. एवढी रक्कम घरांत एकाच ठिकाणीं होती, ती म्हणजे गुहागर तालुक्यांतील आमच्या मूळ घराच्या छपरासाठीं सर्वांनीं मिळून सांठविलेली. त्या घरांत आमच्या काकू, वय वर्षें ८२, एकट्या राहतात, आणि त्यांच्या देवघरावर दोन पावसाळे गळत होतें. २०२४ च्या संक्रांतीस सगळे जमले असतांना आम्हीं भीतभीतच विषय काढला. दादा, म्हणजे आमचे वडील बंधु, बँकेंत आयुष्य काढलेले गृहस्थ. त्यांनीं चष्मा काढून पुसला, पुन्हां घातला आणि म्हणाले, “नाना, पैसे ने. पण पुढच्या वर्षीं अक्षय्य तृतीयेला ते जागेवर आले पाहिजेत. पावसाला पुस्तकें कळत नाहींत.” काकूंना दूरध्वनीवरून विचारलें. त्या म्हणाल्या, “आणखी एक पावसाळा बादली ठेवीन हो. पण माझ्या दारच्या सुरंगीचें चित्र नीट काढा.” म्हाताऱ्या माणसानें इतक्या सहज दिलेली परवानगी ही कर्जरोख्यापेक्षां जड असते, हें आम्हांस पुढें पंधरा महिने जाणवत राहिलें.

एकट्यादुकट्यानें पुस्तकें काढण्याचा उद्योग नवा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. लंडनजवळ रिचमंड येथें लेनर्ड वुल्फ आणि त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया वुल्फ हें लेखक-दांपत्य राहत असे. लेनर्ड हे पूर्वीं सात वर्षें सिलोनांत सरकारी नोकरींत होते. १९१७ च्या मार्चांत या दोघांनीं फॅरिंग्डन स्ट्रीटवरील एका दुकानांतून लहानसें हातछपाईचें यंत्र विकत घेतलें, त्याबरोबर मिळालेली छोटी पुस्तिका वाचून काम शिकले, आणि यंत्र मांडलें तें जेवणाच्या खोलींत. बाई खिळे जुळवीत, बुवा यंत्र चालवीत. त्याच वर्षीं जुलैंत दोघांची एकेक कथा असलेलें पुस्तक त्यांनीं काढलें, प्रती अवघ्या १५०. पुढल्या वर्षीं जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ या प्रचंड कादंबरीचें हस्तलिखित त्यांच्याकडे आलें. तें छापणें आपल्या यंत्राच्या आवांक्याबाहेरचें म्हणून परत गेलें. १९१९ मध्यें व्हर्जिनियाबाईंच्या ‘क्यू गार्डन्स’वर एका मोठ्या पत्रांत अनुकूल परीक्षण आलें. हीं दोघें गांवाहून परतलीं तों घरांत मागणीपत्रांचा ढीग पडलेला! हा प्रसंग वाचल्यापासून आम्ही कोठूनही घरीं परतलों कीं आधीं पत्रपेटी उघडून पाहूं लागलों. तींत बहुधा विजेचें बिल असे.

आपल्याकडे याहून धाडसाचें उदाहरण आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड काढले, तेही कोणा सरकारच्या वा संस्थानाच्या तिजोरीवर नव्हे, तर मर्यादित भांडवलाची कंपनी स्थापून, भाग विकून आणि वर्गणीदार मिळविण्यासाठीं गांवोगांव हिंडून. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेला विद्वान् पुस्तकाच्या वर्गणीसाठीं परक्याच्या ओसरीवर जाऊन बसतो, हें चित्र आम्हीं मनाशीं धरलें होतें. कारण पुस्तक विकावयास जाणें कमीपणाचें आहे अशी एक समजूत आपल्या लोकांत खोल रुजलेली आहे, आमच्यांतही होती.

आतां थोडें धंद्याचें. पुस्तकाचा आकार आम्हीं डेमी ठरविला, म्हणजे साडेपांच इंच रुंद व साडेआठ इंच उंच. मोठ्या तावावर एका बाजूस १६ व दोन्ही बाजूंस मिळून ३२ पानें बसतात. छापखान्यांत हिशेब चालतो तो १६ पानांच्या फर्म्यांचा. म्हणून पुस्तक १८५ पानांचें झालें काय आणि १९२ चें झालें काय, कागद तितकाच लागतो. आमचे बरोबर १२ फर्मे व्हावे म्हणून आम्हीं प्रस्तावनेंतील स्वतःविषयींचीं तीन पानें काढून टाकलीं; पुस्तकाचें त्यामुळें कांहींच बिघडलें नाहीं असें सौ. चें मत आहे. सत्तर ग्रॅमचा मॅपलिथो कागद घेतला. त्याच्या ५०० तावांचें रीम सुमारें पावणेएकोणीस किलो भरतें, आणि असे ताव प्रत्येक पुस्तकास सहा. तयार पुस्तक भरलें २३० ग्रॅम. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. एक गोष्ट मात्र आम्हांस नवीन कळली. छापील पुस्तकावर वस्तु व सेवा कर नाहीं, पण कागदावर आहे. आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळें कागदावर भरलेला कर लहान प्रकाशकास परत मिळत नाहीं, तो किंमतींतच मुरतो.

अक्षरजुळणी हल्लीं संगणकावर होते. जावजी दादाजींनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला तेव्हां देवनागरीचा एकेक खिळा शिशाचा ओतावा लागे. आतां ओतण्याचें काम नाहीं, पण अक्षर बिघडण्याचें सामर्थ्य कमी झालेलें नाहीं. आमचा मजकूर जुन्या संगणकीय टंकांत होता, तो नव्या पद्धतींत फिरविला, तेव्हां प्रत्येक रफार एका अक्षरानें पुढें सरकला. ‘वर्षाऋतु’ ओळखूं येईना. मुद्रितें तपासावयास आम्हीं जुनी रीत धरली : एकानें मूळ प्रत मोठ्यानें वाचावी, दुसऱ्यानें मुद्रितावर खूण करावी. दुपारीं दोन ते चार सौ. वाचीत असे, स्वल्पविरामासुद्धां. समोरच्या बिऱ्हाडांत अशी समजूत झाली कीं, आमच्याकडे कसलेंसें पारायण बसलें आहे. आठव्या दिवशीं तेथील आजी हातांत फुलें घेऊन आल्या आणि “समाप्ति केव्हां?” म्हणून विचारूं लागल्या.

पुस्तकाच्या पाठीवर जो तेरा आंकड्यांचा क्रमांक असतो तो कोणी मोठी संस्थाच मिळवूं शकते असा समज आहे. तो चुकीचा आहे. राजा राममोहन रॉय यांच्या नांवाची केंद्र सरकारची एक कचेरी हा क्रमांक देते, लेखकानें स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज केला तरी देते, आणि त्याला शुल्क नाहीं. दुसरें कर्तव्य कायद्याचें. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणें प्रत्येक प्रकाशकानें पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आंत एकेक प्रत स्वखर्चानें कलकत्त्याचें राष्ट्रीय ग्रंथालय, मद्रासचें कोनेमारा, मुंबईचें मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्लीचें सार्वजनिक ग्रंथालय यांस पाठवावयाची असते. पुष्कळ लहान प्रकाशक हें टाळतात. आम्हांस मात्र त्या चार पुडक्यांवर पत्ते लिहितांना फार बरें वाटलें. काकूंच्या दारची सुरंगी कलकत्त्यास चालली होती.

२२ जुलै २०२४ रोजीं बांधणी होऊन पुस्तकें आलीं. पंचवीस-पंचवीसांचे २० गठ्ठे. आमचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, उद्‌वाहक बंद, आणि टेंपोवाला जिना चढावयास तयार नाहीं. म्हणून गठ्ठे चार दिवसांपुरते सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या बाजूस पुतण्याच्या तळमजल्याच्या घरीं ठेविले. पुढें काय झालें हें पुणेकर वाचकांनीं ओळखलेंच असेल. २४ च्या रात्रीं पाऊस कोसळला, खडकवासल्याचें पाणी मुठेंत सोडलें गेलें, आणि २५ च्या पहांटे नदी त्या भागांतील घरांत शिरली. पुतण्या रात्रपाळीवर. घरांत सूनबाई व सहा वर्षांचा मुलगा. पहांटे पांचास ती जागी झाली तों पाऊल पाण्यांत पडलें. तिनें आधीं मुलाला वरच्या मजल्यावर दिलें, मग औषधें व कागदपत्रें, आणि मग आमच्या गठ्ठ्यांस हात घातला. इमारतींतील चार तरुण मुलें जिन्यावर ओळीनें उभीं राहिलीं आणि हातोहात गठ्ठे वर गेले. आमचा दूरध्वनी लागला तेव्हां साडेसहा वाजले होते. ती म्हणाली, “नानाकाका, अठरा वर आहेत. खालचे दोन राहिले, पाणी गुडघ्याच्या वर आलंय, आतां नाहीं जात मी.” आम्ही एवढेंच म्हणालों कीं, बाई, तूं पहिल्याच गठ्ठ्याला गेली नसतीस तरी चाललें असतें. तिच्या घरांतील शीतपेटी, गाद्या, मुलाचीं दप्तरें, सारें गेलें. आमचीं १८ गठ्ठे पुस्तकें राहिलीं. त्या कोरड्या प्रतींकडे पाहतांना पुढें कित्येक दिवस आम्हांस ओशाळें वाटे.

राहिलेल्या दोन गठ्ठ्यांपैकीं वरच्यांतल्या १२ प्रती वाचल्या. ३८ प्रतींचा लगदा झाला.

विक्रीस आरंभ झाला. अप्पा बळवंत चौकांतील दुकानदारांचा दस्तूर असा कीं, छापील किंमतीवर ४० टक्के सूट, माल विश्वासावर, आणि पैसे विकल्यावर, म्हणजे विकल्याचें आठवल्यावर. २५० रुपयांच्या आमच्या पुस्तकाचे दुकानांतून १५० यावयाचे. त्यांना नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. दुकानाचें भाडें कवितेनें भरतां येत नाहीं. आम्हांस गंमत वाटे ती वेगळीच. एका दुकानांत आमचें पुस्तक आयुर्वेदांत बसविलेलें, दुसऱ्यांत पाककृतींत, आणि तिसऱ्यांत ‘वास्तु व गृहसजावट’ या फळीवर. आम्ही गिऱ्हाईकाच्या मिषानें जाऊन तें उचलून निसर्गाच्या फळीवर ठेवीत असूं. आठवड्यानें पाहावें तों पुन्हां मूळपदावर.

सप्टेंबरांत बडोद्याहून एका वाचकाचें पत्र आलें. भाषा अत्यंत सौजन्याची. “आपल्या ग्रंथांत कोकमाचें प्रकरण इतकें सुंदर आहे कीं, आपण तें दोनदां छापलें हें योग्यच झालें, तथापि उंडीचें एकदांही आढळलें नाहीं.” प्रत पाहिली नव्हती तरी आम्ही समजलों. ११३ ते १२८ हीं पानें म्हणजे आठवा फर्मा. तो दोनदां बसला होता, आणि १२९ ते १४४ चा नववा बसलाच नव्हता. घरांतील साऱ्या प्रती जमिनीवर मांडल्या. मुलांना पैज लावून १२९ वें पान उघडावयास बसविलें. घरांत ११ सदोष प्रती निघाल्या. बाहेर किती गेल्या? येथें वहिनी पुढें आल्या. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, “प्रत्येक फर्मा ५२५ छापलेला. मग नवव्याच्या किती उरल्या तें बांधणारांकडे मोजून या. पंचविसांवर जितक्या अधिक, तितक्या प्रती बिघडलेल्या.” बांधणीच्या कारखान्यांत, टेबलाखालीं, ४२ नववे फर्मे सांपडले. म्हणजे सदोष प्रती १७. बाहेर गेलेल्या ६. कारखान्याचा मालक भला माणूस. त्यानें अकरा प्रती उसवून नव्यानें जुजबंदी करून दिल्या आणि पैसे घेतले नाहींत.

त्या सहा प्रतींचा शोध हें आमच्या प्रकाशन-जीवनांतील सर्वांत मोठें साहस म्हणावें लागेल. प्रत्येक प्रत कोणास गेली याची नोंद दादांनीं बँकेच्या शिस्तीनें ठेविली असल्यामुळें तें शक्य झालें. पत्रें लिहिलीं, पांच प्रती सांपडल्या व बदलल्या. सहावी होती एका तालुक्याच्या गांवच्या ग्रंथालयांत. आम्ही नवी प्रत घेऊन समक्ष गेलों. ग्रंथपाल म्हणाले, “पुस्तक दाखल झालेलें आहे. दाखल पुस्तक बाहेर द्यावयाचें तर कार्यकारी मंडळाचा ठराव लागेल.” “पण त्यांत सोळा पानें नाहींत!” “तसा शेरा नोंदवहींत घालतां येईल.” शेवटीं आम्हीं नववा फर्मा सुटाच शिवून, त्यास पुठ्ठ्याचें वेष्टन चढवून, ‘पुरवणी’ म्हणून भेट दिला. त्यास त्यांनीं स्वतंत्र दाखल-क्रमांक दिला. त्या ग्रंथालयांत आमच्या नांवावर आतां दोन ग्रंथ आहेत.

दूरच्या वाचकांस पुस्तकें जात तीं नोंदणीकृत बुकपोस्टानें. स्वस्त, खात्रीचें, आणि खेड्यापर्यंत पोंचणारें असें तें एकच साधन होतें. २०२४ च्या डिसेंबरांत आम्ही नऊ पुडकीं घेऊन टपाल-कचेरींत गेलों, तेव्हां खिडकीवरच्या बाईंनीं सांगितलें कीं, ही सेवा बंद झाली. नव्या टपाल-कायद्याच्या नियमांतून ती वगळली गेली होती. वाचकांस पूर्वसूचना नाहीं, प्रकाशकांस नाहीं. खुद्द त्या बाईंनाही ती यंत्राच्या पडद्यावरून दिसेनाशी झाली तेव्हांच कळली. दुसऱ्या मार्गानें पाठवावयाचें तर टपालखर्च फार वाढे. मोठ्या प्रकाशकास तें सोसतें. आमच्यासारख्याचें निम्में दुकान त्या एका खिडकीवर होतें, आणि अक्षय्य तृतीयेला चार-साडेचार महिने उरले होते. पुस्तकें टपालानें स्वस्तांत जाणें ही सवलत नसून सार्वजनिक शिक्षणाचा भाग आहे असें आमचें मत आहे, आणि तें आम्हीं संबंधितांस लेखी कळविलें. उत्तर आलें नाहीं.

त्याच महिन्यांत फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरला. स्वतंत्र गाळा घेण्याची आमची ऐपत नव्हती. एका स्नेह्यांच्या गाळ्यांत टेबलाचा कोपरा मिळाला. आम्ही बसलों कीं लोक पुस्तक चाळीत आणि ठेवून देत. दादा बसले कीं विकत. याचें रहस्य आम्हीं दूर उभें राहून पाहिलें. दादा पुस्तकाविषयीं बोलतच नसत. समोरच्या बाईंना विचारीत, “आपलें मूळ गांव कोणतें?” गांव कळलें कीं, “मग आपल्याकडे उंडीला काय म्हणतात?” पांच मिनिटांनीं त्या बाई स्वतःच्या आजीची गोष्ट सांगत असत आणि पुस्तक त्यांच्या पिशवींत असे. ४१ प्रती गेल्या.

तेथेंच दादांना आपला गुण कळला. आपल्या राज्यांत ७५ वर्षांवरील नागरिकांस एस. टी. चा प्रवास २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत आहे. दादांचें वय ७८. टपाल बंद झालें तर झालें, आपण स्वतःच टपाल होऊं, असें त्यांनीं जाहीर केलें. महाराष्ट्रांत १९६७ च्या कायद्याखालीं मान्यता मिळालेलीं ११,००० हून अधिक सार्वजनिक ग्रंथालयें आहेत. अनुदान हातीं आलें कीं त्यांची खरेदी होते ती बहुधा वर्ष संपतां संपतां, फेब्रुवारी-मार्चांत. त्या दोन महिन्यांत सासवड, भोर, वाई, फलटण, चिपळूण असे त्यांचे दौरे झाले. बरोबर कापडी पिशवी, तींत १२ पुस्तकें, पाण्याची बाटली, आणि वहिनींनीं दिलेले मेथीचे लाडू. एकदां वाहकानें पिशवीच्या ओझ्याचें भाडें मागितलें. दादा म्हणाले, “अरे, यांत तुझ्या गांवचीं झाडें आहेत, पाहा.” वाहकानें उभ्या-उभ्या चार पानें वाचलीं आणि भाडें घेतलें नाहीं, मात्र उतरतांना एक प्रत मागितली. दादांनीं ती सवलतीनें विकली, फुकट दिली नाहीं. ग्रंथालयांस २५ टक्के सूट देऊन ९२ प्रती गेल्या. परत आल्यावर पाय चेपून घेतां घेतां दादा अमुक ग्रंथालयांत वृत्तपत्रें कशीं लावतात, तमुक ठिकाणीं दुपारीं मुलीच अधिक कां येतात, असें बोलत बसत. बँकेंतून निवृत्त झाल्यापासून ते इतके बोलतांना आम्हीं ऐकलें नव्हते.

३० एप्रिल २०२५ ची अक्षय्य तृतीया उजाडली. पूजा झाल्यावर दादांनीं वही उघडली. घरीं व टपालानें ९६, महोत्सवांत ४१, ग्रंथालयांत ९२, दुकानांतून ६०, एकूण २८९. दुकानांच्या साठांपैकीं चोविसांचेच पैसे हातीं आलेले. प्रवास, टपाल, पुडक्यांचें सामान वजा जातां शिल्लक ४७,००० रुपये. दादांनीं नोटा मोजल्या, डब्यांत ठेविल्या आणि वहींत लिहिलें, ‘येणें १३,०००’. कोणी कांहीं बोललें नाहीं. सौ. नें श्रीखंड वाढलें. मग काकूंना दूरध्वनी लाविला. त्या म्हणाल्या, “सत्तेचाळिसांत देवघर आणि स्वयंपाकघर होईल कीं. पडवीला बादली पुरते.”

दुसऱ्या दिवशीं, १ मे रोजीं, टपालखात्यानें ‘ज्ञान पोस्ट’ या नांवानें पुस्तकांसाठीं नवी सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पांच किलोपर्यंत १००, वर कर निराळा. पुस्तकावर मुद्रकाचें वा प्रकाशकाचें नांव छापलेलें असावें. आमचें पुस्तक वेष्टणासह २५५ ग्रॅम भरतें. आदल्या दिवशीं ती सुरू झाली असती तर हिशेबांत फरक पडला असता असें नाहीं. पण दादांना एक दिवसाची ती चुटपुट लागून राहिली, आणि “सरकारला तिथि कळत नाहीं” असें ते अजूनही म्हणतात.

छपराचें काम लगेच धरलें. देवघरावरचें शेवटचें कौल १८ मे ला बसलें. आणि त्या वर्षीं मोसमी पाऊस २५ मे रोजींच कोंकणांत आला, दुसऱ्या दिवशीं मुंबईंत. इतका लौकर तो कित्येक दशकांत आला नव्हता. २५ च्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. सकाळीं काकूंचा दूरध्वनी. देवघर कोरडें, पडवींत दोन ठिकाणीं धार. त्यांनीं बादलीशेजारीं पितळी घंगाळ ठेविलें होतें. पुस्तक त्यांनीं देवघरांतच ठेविलें आहे, आणि सुरंगीचें चित्र पसंत आहे. पण पान थोडें रुंद काढावयास हवें होतें म्हणाल्या.

उरलेले १३,००० त्या दिवाळीपर्यंत फिटले. त्यांतले सहा हजार ज्ञान पोस्टाचे, बाकीचे दादांच्या पिशवीचे. पडवीचीं कौलें मग बदललीं. दुसऱ्या आवृत्तीचा विचार चालू आहे. बडोद्याच्या वाचकांनीं तेथील परसांतल्या आणखी चार झाडांची माहिती पाठविली आहे, तीं घ्यावयाचीं तर एक फर्मा वाढतो, आणि वजन ३०० ग्रॅमच्या जवळ जातें. वहिनी आंकडेमोड करीत आहेत. दादांनीं पुढचा दौरा देवरुख, लांजें, राजापूर असा ठरविला आहे, आणि आमच्याकडे ते दोन प्रतींची सही मागत आहेत. कारण राजापुरास एका शाळेंतील बाईंनीं सहीच्याच प्रती हव्यात असें कळविलें आहे.